तीन वार मांजरपाट

"पांढरं कापड पायजे, मालक. सगळ्यात स्वस्त असन ते. अन् जरा लवकर द्या."

वाशीमच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या पायरीवर सेवादास उभा होता. सकाळपासून त्याने मिरचीची पोती वाहिली होती, त्यामुळे डोळे लालभडक झाले होते आणि नाक गळत होतं. आग निवावी म्हणून आत्ताच त्याने विहिरीवर दोन बादल्या डोक्यावरून ओतून घेतल्या होत्या. ओलं पागोटं खांद्यावर, डोकं उघडं, केसांतून पाणी निथळतंय. असा माणूस घाईघाईने स्वस्तातलं पांढरं कापड मागतो, तेव्हा कोणताही दुकानदार एकच अर्थ लावतो. सेवादासच्या मात्र ते ध्यानीमनीही नव्हतं.

शेठजी गादीवरून उठले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मोठं माणूस का लेकरू?"

"लेकरू. अकरा वर्साचं."

"अरेरे," शेठजी म्हणाले.

यात अरेरे म्हणण्यासारखं काय, हे सेवादासला कळलं नाही. पण त्याचं चित्त घासाघिशीत होतं. वाटभर तो त्याचीच तयारी करत आला होता. कनवटीला सगळा मिळून दीड रुपया, आणि त्यातच शिलाईही भागवायची होती. शनिवारी शाळांच्या शर्यती होत्या. पांढरी अर्धी चड्डी आणि पांढरा सदरा नसेल त्याला धावू देणार नाही, असं ड्रिलमास्तरांनी बजावलं होतं. गेल्या साली त्याचा लालसिंग रंगीत सदऱ्यामुळे दोरीबाहेर उभा राहिला होता. सगळे निघून गेल्यावर रिकाम्या मैदानात तो एकटाच धावून आला, आणि तांड्यावर येऊन त्याने हे हसत हसत सांगितलं. पोराचं ते हसणं बापाला वर्षभर टोचत होतं.

शेठजींनी मांजरपाटाचा तागा ओढला. गजाला हातही न लावता त्यांनी अंदाजाने, सढळ हाताने तीन वार मोजलं आणि कात्री न घेता टर्रकन फाडलं. "याच्यात मी नफा घेत नाई. रुपया दे, बस."

शेजारी खण पाहत बसलेल्या एका बाईने आपल्या मुलीचा हात त्या कापडावरून झटकन मागे ओढला. तेव्हा कुठे सेवादासच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तसं नाई, मालक," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण रुपयाला तीन वार कापड सगळ्या बाजारात मिळणार नव्हतं, आणि उरलेल्या आठ आण्यांत शिलाई बसत होती. सेवादासने कनवटीला हात घातला.

"काय झालतं बापा लेकराले?" बाईने विचारलं.

"ताप."

"नाव काय होतं?"

दुसरं कुठलंही नाव सांगता आलं असतं. तांड्यावर नावांना काय तोटा. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. धड खोटंही बोलता येत नाही.

"लालसिंग," तो म्हणाला.

बाईने पदर डोळ्यांना लावला. सेवादासच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. ते मिरचीचं होतं, आणि हे दोघं त्याला काय समजत आहेत ते दिसत असूनही तो पुसत नव्हता. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कनवटीतले होते नव्हते ते सगळे पैसे काढून शेठजींपुढे धरले.

"घ्या मालक. पुरा भाव घ्या. मले सूट नोको."

शेठजींनी त्याची मूठ दोन्ही हातांनी मिटवली. "राहू दे. हे माह्याकडून. माती देशीन तवा माह्या नावानं एक मूठ टाकजो."

आता काही सांगायची सोयच उरली नाही. कापड काखेत मारून तो पायऱ्या उतरला. रस्त्याला लागेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दोन गल्ल्या सोडून शिंप्याचा ओटा होता. नंबर धरायला म्हणून लालसिंगला त्याने तिथेच बसवून ठेवलं होतं. बापाला पाहताच पोराने उडीच मारली.

"भेटलं, बा? केवढ्याले देल्लं?"

"भेटलं," सेवादास म्हणाला.

शिंप्याने घडी उलगडली. कापड चांगलं ऐसपैस निघालं. "सेवादास, एवढ्यात तर खिसाबी निघते," तो खुशीत म्हणाला आणि ते पोराच्या गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला लावून पाहू लागला. "सरळ उभा राह्य. बिलकुल हालू नोको."

एरवी एका जागी घडीभर न ठरणारं पोरगं ते. पण शनिवारच्या कापडाचं माप बिघडू नये म्हणून त्याने पाय जुळवले, हात अंगाशी घट्ट धरले, श्वास रोखला आणि डोळे मिटून घेतले.

सेवादास बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हाल."

शिंप्याने मान वर केली. "काहून? माप चुकन ना."

"चुकू दे," सेवादास म्हणाला. "लालसिंग, हाल बापा. जरासा हाल."