हिंदुरावाचं नाक

काचेपलीकडून निरंजनने बोट हलवलं आणि हिंदुरावांनी तिसऱ्या बाटलीचं बूच काढलं.

"नाक जवळ ने. लाजतोस कशाला?" निरंजन म्हणाला.

हिंदुराव अठ्ठावन्न वर्षांचे होते, निरंजनच्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. प्रयोगशाळेत बाकी सगळे त्यांना मामा म्हणायचे. निरंजन 'ए हिंदुराव' म्हणायचा.

चाकणच्या त्या प्रयोगशाळेत बोटींची घाण बाटल्यांतून यायची. टाक्यांचा गाळ, जुना रंग, यंत्रं धुतलेलं पाणी. खरा माल बंदरात टँकरमध्ये भरून थांबलेला असायचा. इथून त्याचा वर्ग कळवला की टँकर घाट चढून विल्हेवाटीच्या कारखान्याकडे निघायचा. पेटणारा माल तिसऱ्या वर्गात, विषारी सहाव्यात, आम्लं आठव्यात. नववा वर्ग किरकोळ. त्याला साधा टँकर चालायचा आणि ड्रायव्हरला गॅसचा मुखवटा लागायचा नाही.

वर्ग ठरवून सही करणं हे निरंजनचं काम. विद्यापीठाचं सुवर्णपदक त्याने केबिनमध्ये लावून ठेवलं होतं. कामावर आला त्याच आठवड्यात मालक दौलतरावांनी त्याला कौतुकाने सांगितलं, "आमचा हिंदुराव नुसत्या वासावर माल ओळखतो. वीस वर्षं झाली."

निरंजनला हसू आवरेना. या गावठी जादूगाराला उघडं पाडायचं, असं त्याने ठरवलं. यंत्रातून तपासून झालेल्या आठ बाटल्या त्याने मांडल्या. अहवाल वाचून त्याने खिशात ठेवला होता.

हिंदुराव वास घ्यायचे, डोळे मिटायचे, मग काचेतून निरंजनकडे बघत सावकाश बोलायचे. "रॉकेलावानी... न्हाई. आंबूस हाय जरा... व्हय, आम्लच हाय ह्ये."

आठच्या आठ बरोबर आल्या.

"कुत्र्यालाही जमतं हे," निरंजन म्हणाला आणि आत निघून गेला.

पण यंत्राला दोन दिवस लागत आणि बंदरातून दर तासाला फोन येत. महिन्याभरात निरंजनने यंत्राचा नाद सोडला. हिंदुराव वास घेत, निरंजन वर्ग लिही, अर्ध्या तासात अहवाल जाई. चाकणची प्रयोगशाळा सगळ्यांत वेगवान, असं नाव झालं. निरंजनला बढती मिळाली. हिंदुरावांना दिवाळीला सगळ्यांना मिळाला तोच मिठाईचा पुडा मिळाला.

"डोकं लागत नाही ना तुझ्या कामाला," निरंजन एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. "देवाने नाक दिलंय, खा त्याच्यावर."

 हिंदुराव बाटल्या पुसत राहिले.

दोन वर्षं असंच चाललं. मग एका शुक्रवारी एका जुन्या बोटीच्या टाकीतला गाळ आला. चार वाजता चिंचवडला उद्योजकांच्या मेळाव्यात निरंजनचा सत्कार होता. साडेतीन वाजले होते. तो काचेपलीकडे घड्याळ बघत उभा होता.

हिंदुरावांनी बूच काढलं, वास घेतला आणि वर बघितलं. "साहेब, ह्ये जरा..."

"जरा काय? कथा सांगू नकोस."

"सादाच गाळ हाय. किरकोळ."

"मग एवढंच बोलायचं."

निरंजनने नववा वर्ग लिहिला, सही केली आणि तो सत्काराला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात टँकर रिकामा करायला ड्रायव्हर ज्योतीराम शिडीने वर चढला. किरकोळ माल, म्हणून उघड्या तोंडाने. त्याने झाकण फिरवलं. आत साचलेला विषारी वायू बाहेर आला आणि तो शिडीवरून खाली कोसळला. अकरा दिवस तो नळ्यांवर होता. जगला. पण पलंगापासून दारापर्यंत जायचं, तर आता त्याला मध्ये दोनदा थांबावं लागतं.

ते अकरा दिवस हिंदुराव कामावरून सुटले की इस्पितळाच्या जिन्यात जाऊन बसत. निरंजन एकदाही गेला नाही. "नेमून दिलेला मुखवटा ड्रायव्हर लोक कधी घालतात का?" असं तो ऑफिसात म्हणाला. मुखवटा नेमून दिलेलाच नव्हता.

चौकशीला सुरक्षा खात्याच्या रुपाली मॅडम आल्या. दौलतरावांच्या केबिनमध्ये त्यांनी दोघांना समोर बोलावलं.

"बाटलीत उरलेला गाळ मी सकाळी उघडला," त्या निरंजनला म्हणाल्या. "सडक्या अंड्यांचा वास दारापर्यंत आला. तुम्हाला आला नाही?"

"मी बाटल्या हुंगत नाही, मॅडम. ते याचं काम."

"आणि यंत्र?"

"गरज पडली नाही. याचं नाक दोन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही."

"नंतर कधी पडताळून बघितलंत?"

 निरंजनने आवाज चढवला. "ज्याला लांबूनही वास येईल, तो माल याने किरकोळ म्हणून सांगितला. म्हणजे मुद्दाम सांगितला. मी कामाचं बोलायचो, ते याला झोंबायचं. असल्या माणसांना मोठं केलं की हेच होतं. विचारा त्याला, त्या दिवशी काय वास आला होता."

दौलतराव टेबलाकडे बघत राहिले. रुपाली मॅडम हिंदुरावांकडे वळल्या. "सांगा मामा, काय वास आला होता?"

हिंदुरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"कोरोना झाल्यापास्नं मला कसलाच वास येत न्हाई, मॅडम. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई. साहेब काचंपल्याड हुबं ऱ्हायाचं, मी त्यांच्या तोंडाकडं बघून सांगायचो."