तीन ठिपके

पुलर आवळत गेलो, तशी स्टिअरिंग पंपाची गंजलेली पुली करकरत निघाली. फडक्याने पुसून उलटी केली, तर मागे पंचने ठोकलेले तीन ठिपके.

ते माझ्याच हातचे. धाकट्या भावाच्या गाडीला पुली बसवताना ठोकले होते. आम्ही तीन भावंडं म्हणून तीन. दोन वर्षांपूर्वी तो गाडी घेऊन घाटाकडे गेला. ना तो सापडला, ना गाडी.

“गाडी जुनी घेतलीत का, साहेब?” मान वर न करताच मी गाडीवाल्याला विचारलं.

“छे, शोरूममधून आणलीय. पहिल्यापासून माझीच. का हो?”

“काही नाही. पुली झिजलीय, नवी टाकतो.”

“टाका.” तो अगदी जवळ येऊन उभा राहिला. त्याने हात पुढे केला. “जुनी इकडे द्या.”