शुद्ध चांदी

सही झाली असती तर आत्मारामशेठना खाणीत तिसरा हिस्सा मिळणार होता. त्याहून मोठं म्हणजे, बर दुबईच्या बाजारात त्यांना पुन्हा कुणी 'मिठाईवाले' म्हणणार नव्हतं. जन्मभर लोकांची तोंडं गोड करून पैसा येतो, वजन येत नाही. वजन खाणीत होतं. कागद टेबलावर होते, पेन अरबाबच्या हातात होतं आणि शुभकार्य म्हणून शेठनी काजूकतलीचा डबा उघडला होता.

अरबाब म्हणजे स्थानिक भागीदार. परवाना त्याच्या नावावर. तिसरा भागीदार वासुदेव, शेठचा जुना दोस्त, धंदा काँट्रॅक्टिंगचा. आणि समोर उभा सत्यजित, शेठनी नागपूरहून व्हिसावर आणलेला भूगर्भशास्त्रज्ञ.

खाण फुजैराकडच्या डोंगरात, एका वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या खोऱ्यात. जुन्या लोकांनी तिथून चांदी काढली होती. त्यांच्या भट्ट्यांचा काळा मळ अजून तिथे पडून होता. सत्तरच्या दशकात एक परदेशी कंपनी आली, तिनं दोन भोकं पाडली आणि इथं काही नाही असं लिहून ती निघून गेली. सत्यजितचं म्हणणं, भोकं चुकीच्या बाजूला पाडली. डोंगर मध्ये तुटून सरकलाय, गारगोटीची शीर पलीकडे गेलीय, चांदी त्या शिरेत आहे. लॅबचा रिपोर्ट आला, तेव्हा चांदी त्यानं सांगितल्यापेक्षा जास्तच निघाली.

सत्यजितनं काजूकतली उचलली आणि तो थांबला. बोटांना वर्ख चिकटला होता. तो त्या बोटांकडे इतका वेळ बघत राहिला की वासुदेवनं विचारलं, डायबिटीस झालाय का.

"सर, साइन मत कीजिए," तो अरबाबला म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. डोंगरात नमुन्यांच्या कापडी पिशव्या संपल्या होत्या. नवीन कशाला घेतोस, म्हणून शेठकाकांनी दुकानातले वापरलेले डबे दिले होते, तळाच्या बटर पेपरसकट. दगड त्यातूनच लॅबला गेले. टनभर दगडात चांदी ग्रॅममध्ये मोजतात; कागदाला चिकटलेला एवढासा वर्खही रिपोर्ट फिरवायला पुरतो. चूक त्याची होती. रिपोर्टमधली चांदी डोंगराची नव्हती, काजूकतलीची होती.

वासुदेव पोट धरून हसला. म्हणाला, आपण उगाच फुजैरापर्यंत पेट्रोल जाळलं, खाण तर शेठच्या अल मनखूलच्या दुकानात होती. मग हसता हसता त्यानं विचारलं, "पण आत्माराम, वर्ख खरा चांदीचाच ना रे तुझा?"

खोली शेठकडे बघू लागली.

एक 'नाही' पुरला असता. वर्ख ॲल्युमिनियमचा होता. गेली काही वर्षं तोच. दिसायला तस्साच, किमतीला कचरा. त्या डब्यांत चांदीचा कण कधी शिरलाच नव्हता. म्हणजे रिपोर्ट खरा होता, शीर खरी होती आणि हा पोरगाही बरोबर होता.

पण दुकानाच्या पाटीवर 'शुद्ध चांदीचा वर्ख' असं तीन भाषांत लिहिलं होतं. अरबाबच्या आईकडे दर ईदला डबा जायचा. वासुदेवच्या मुलीच्या लग्नात अख्ख्या हॉलनं तोच वर्ख खाल्ला होता. भेसळ पकडणाऱ्या म्युनिसिपालिटीचं तर नावच नको. शेठनी मनात डोंगर एका पारड्यात ठेवला, दुकान दुसऱ्यात. तराजूची सवय होती. वेळ लागला नाही.

"म्हणजे काय," ते म्हणाले. "शुद्ध चांदी."

अरबाबनं पेन खिशात ठेवलं. सत्यजितनं पुन्हा नमुने आणायची परवानगी मागितली. अरबाब सभ्यपणे म्हणाला की ज्याला दगड कशात ठेवायचे हे कळत नाही, त्याच्या शब्दावर तो आता विहीरही खणणार नाही. त्याच्या मेहुण्याला त्या वादीत खडीचा क्रशर टाकायचाच होता. खलास.

सत्यजितचा व्हिसा रद्द झाला. 'काजूकतली जिऑलॉजिस्ट' हे नाव त्याच्या आधी प्रत्येक ऑफिसात पोचलं. बायको विद्युल्लतानं सामान बांधलं, मुलगी पर्णिकाचं नाव ऊद मेथाच्या शाळेतून ऐन दहावीत काढलं.

जायच्या दिवशी तो दुकानात आला आणि शेठच्या पाया पडला.

"काका, माझ्यापायी तुमचं एवढं नुकसान झालं. पण तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत."

शेठचा हात त्याच्या डोक्यावर गेला. वाक्य घशापर्यंत आलं होतं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं.

पुढं डोंगर क्रशरमध्ये गेला, शिरेसकट, आणि शारजाच्या रस्त्यांखाली पसरला. अरबाबला खडी मिळाली. वासुदेवला पार्ट्यांत सांगायला किस्सा मिळाला. शेठना मोठ्या मनाचा माणूस म्हणून मंडळाच्या गणपतीत पहिल्या आरतीचा मान मिळाला. नुकसान एकट्या सत्यजितच्या नावावर लागलं, आणि तोच आभार मानून गेला.