अकराचा फोन

अकरा वाजून दहा मिनिटं झाली, तरी फोन वाजला नाही. भट्टीताईने तेव्हा कुठे रोखून धरलेला श्वास सोडला.

मैलापाणी केंद्राच्या ऑफिसात रोज अकराला एक फोन यायचाच. भिंतीपलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा. अख्ख्या शहराचा मैला या केंद्रात यायचा. पाणी शुद्ध होऊन नदीला मिळायचं आणि तळाशी उरलेला काळा गाळ उघड्या वाफ्यांत वाळत पडायचा. त्याचा वास थेट आजींच्या खिडकीत! आजी नुसती तक्रार करत नसत, साग्रसंगीत वर्णन करत. "आज नासक्या अंड्यांचा आहे." "आज कुजका कोबी." फोन नेहमी ताईच घ्यायची, माफी मागायची आणि मुकाट कामाला लागायची. अंडी म्हणजे टाकीत हवा कमी पडतेय. कोबी म्हणजे वाफा उपसायला झालाय. आजींचं नाक केंद्रातल्या सगळ्या मीटरांपेक्षा खरं बोलायचं.

आज मात्र ताईला त्याच नाकाची धास्ती होती.

वर्षभर साहेब लोकांच्या मागे लागून तिने नवी भट्टी उभी करून घेतली होती; त्या ध्यासापायी तिचं नावच भट्टीताई पडलं होतं. गाळ बंद पिंपात सुकवायचा, हवा लागू न देता भाजायचा. काळ्याभोर, कडकडीत गोळ्या झाल्या की त्या जेमतेम हवेत तापवून त्यांचा गॅस करायचा. तोच गॅस जाळून पुढचा गाळ सुकवायचा. मैल्याचंच सरपण! वाफे तर कालच उपसून धुऊन टाकले होते. पण वरून अट आली होती. पहिल्या दिवशी, आठ ते पाच, वासाची एकही तक्रार नको. एक जरी आली, तरी भट्टीला कुलूप आणि गाळ पुन्हा वाफ्यात. तपासनीस साहेब सकाळपासून फोनशेजारी कोरी तक्रारवही उघडून बसले होते.

"आजी कुठे गावाला गेल्या असतील," फिटरमामा म्हणाला.

"काल तर बोलल्या माझ्याशी."

"मग सर्दी झाली असेल. देव पावला!"

"मामा, तुम्ही भट्टीकडे बघा बरं!"

बाराला नको तेच झालं. सुकवणीच्या पिंपाचं झाकण एका बाजूने फुसफुसलं आणि वाफेचा एक भपकारा बाहेर पडला. वारा नेमका भिंतीच्याच दिशेने. मामाने धावत जाऊन बोल्ट आवळले. ताईने फटीत पॅकिंगची दोरी कोंबली. हातमोजा होता, तरी तळहात पोळला. तीन मिनिटांत फट बंद. पण तीन मिनिटं म्हणजे आजींना चिक्कार झाली. त्यांना एकदा तिसऱ्या मजल्यावर बसून गेटवरच्या वॉचमनच्या बुटांचा वास आला होता!

एक वाजला. तीन वाजले. भट्टीची ज्योत निळी, सरळ, शहाण्या मुलीसारखी जळत होती. तिच्याकडे बघायला ताईला सवडच नव्हती. ती फोनकडे बघत होती.

पाचला दहा कमी असताना तो वाजला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मामाने डोक्यावरची टोपी काढली.

"स्पीकरवर घ्या," साहेब म्हणाले.

ताईने पोळलेल्या हाताने बटण दाबलं. "बोला आजी."

"अगं, आहेस का तू?" आजींचा आवाज कापरा होता.

साहेबांनी वहीत आजची तारीख घातली. मग फोनकडे वाकून विचारलं, "काय तक्रार आहे आपली?"

"हे कोण? मला पोरीशी बोलायचंय."

"आहे मी, आजी." ताईने डोळे मिटून घेतले. "कसला आहे आज?"

"कसला म्हणजे? कसलाच नाही! सकाळपासून खिडकीला नाक लावून बसलेय. बाराला जरा कुठे कोबी आला. म्हटलं हुश्श, आहेत बाई सगळे! तर तोही लगेच गेला."

साहेबांचं पेन वहीवर तसंच अधांतरी राहिलं. मामाने टोपी तोंडावर दाबून हसू कोंडलं.

"मग आजी, अकराला फोन का नाही केलात?"

"वास नाही, तर काय सांगून करायचा गं फोन? पण शेवटी राहवलंच नाही. पोरी, तू बरी आहेस ना?"