चोरलेलं झाड

बाळाचा मोजा मुठीत आवळून ती मीटिंगला बसली. पडद्यावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात जाणारा झाडासारख्या रचनेचा कोड, खाली साहेबांचं नाव. बाळंतपणाच्या रजेवर जाताना तिनेच विश्वासाने साहेबांकडे सोपवलेला कच्चा मसुदा! त्या कोडची तपासणी मात्र नेमकी तिच्याकडेच आली होती. "मंजूर कर गं, बाळ रडत असेल," साहेब म्हणाले. सगळे हसले. तीही हसली. "साहेब, मेमरीला थेट हात घालणाऱ्या ओळी सुरक्षित का, ते कोड लिहिणाऱ्याने वर लिहायचा नियम आहे. इथे कोरंच." "अगं, उघड तर आहे!" साहेबांनी कॉलर सैल केली. "हो, उघडच. फांदी तोडून तिची मेमरी मोकळी केली, तरी तिच्या डहाळ्या त्या रिकाम्या जागेलाच धरून राहतात. मशीन कोसळेल." आता कोणी हसेना. तिने मोजा टेबलावर ठेवला. "ही चूक माझी आहे, साहेब. बाळाला पाजताना मी ती माझ्या प्रतीत सुधारली. तुम्ही जुनीच प्रत चोरलीत."