दहा फुटांच्या दुकानातले वीस फूट

"हनुवटी वर नको, इंदुताई. सरळ समोर आरशात बघा," भगवंतराव म्हणाले.

इंदुताईंनी बघितलं. आरशात काहीतरी पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यात मुंग्या. अक्षरांचा तक्ता त्यांच्याच डोक्यामागे टांगलेला, मुद्दाम उलटा छापलेला. सुलतान बाजारातलं हे चष्म्याचं दुकान जेमतेम दहा फूट लांब, आणि नजर तपासायला वीस फूट लागतात. उरलेले दहा भगवंतरावांनी आरशातून काढले होते. अठरा वर्षांपूर्वी इंदुताईंना ही युक्ती इतकी आवडली, की दरवर्षी दहावीच्या वर्गात त्या हेच उदाहरण देत. "आरशातली प्रतिमा आभासी. दिसते, पण पडद्यावर धरता येत नाही. भिंगाने भिंतीवर पाडली ती वास्तव. उलटी का असेना, पण असते!"

गेल्या महिन्यात त्यांनी वर्गात भिंग धरलं, खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड भिंतीवर पाडलं आणि विचारलं, "आलं का स्पष्ट?" पोरं "आलं, आलं" म्हणून ओरडली. इंदुताईंना नुसती भिंत दिसली.

मुख्याध्यापकांच्या कानावर गेलंच. नजर ठीक असल्याचा दाखला आणा, नाहीतर जूनपासून घरी बसा, असं त्यांनी सांगितलं. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती, आणि शिकवण्यावाचून जगायचं कसं, हे इंदुताईंना ठाऊक नव्हतं.

समोरच्या फुटपाथवर नवं शोरूम झालं होतं. थंडगार हवा, काचेचं दार, कम्प्युटरवर नेत्रतपासणी. भगवंतरावांचं अर्धं गिऱ्हाईक तिकडे गेलं होतं. पण कम्प्युटर फसत नाही, भगवंतराव फसतील, म्हणून इंदुताई इकडेच आल्या. चोराच्या मनात चांदणं, म्हणून येताना अर्धा किलो पेरूही घेऊन आल्या.

भगवंतरावांनी पेटीतली भिंगं कडेवरून अंगठा फिरवत निवडली. फ्रेम चढवताना त्यांची बोटं आधी तिच्या दांड्यांवर, मग इंदुताईंच्या कानांशी थांबली आणि फ्रेम अलगद बसली. असा हळुवार हात शोरूमवाल्यांकडे कुठून असणार, असं इंदुताईंना वाटलं.

"हं, वाचा. परेशान होऊ नका."

इंदुताई सुरू झाल्या. एवढ्या वर्षांत तक्ता रामरक्षेसारखा तोंडपाठ झाला होता. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड..." संशय नको म्हणून पाचव्या ओळीतलं एक अक्षर त्यांनी मुद्दाम चुकवलं.

"सी आहे ते," भगवंतरावांनी लगेच दुरुस्त केलं. "बाकी बरोबर. पुढं चला."

पुढचं सगळं बरोबर निघालं. शेवटची ओळ तर इंदुताईंनी एका दमात म्हटली.

"ठणठणीत नजर आहे की! चला, दाखला करून टाकू."

त्यांच्या आवाजातल्या आनंदानेच इंदुताईंना लाज आणली. इतका भला माणूस, आणि आपण त्यालाच गंडवायला निघालो! त्यांनी फ्रेम काढून ठेवली.

"नको दाखला, भगवंतराव. मला एकही अक्षर दिसलं नाही. पाठ म्हणून दाखवलं. वर्गात भिंग धरते, पोरांना झाड दिसतं, मला भिंत."

बाहेर एक रिक्षावाला हॉर्न वाजवत गेला. भगवंतराव हलकेच हसले.

"हौ, पाठच होतं. वाचणारा माणूस कुठंतरी अडखळतो, ताई. तुम्ही घोडं दामटलंत."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"पोरांना झाड दिसतंय ना? मग तुम्ही का घरी बसायचं? कामाशिवाय माणसाचं काय होतं, ते मला विचारा."

त्यांनी खणातून दुकानाचा छापील कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि दोन्ही इंदुताईंपुढे सरकवलं.

"मजकूर तुम्हीच लिहा. जमेल तसा, मोठ्या अक्षरात. आणि सही कुठं करायची, तिथं माझं बोट नेऊन ठेवा."