मामांचं नाक

पेला नाकाशी नेला आणि भाचीने तो झटकन खाली ठेवला. वाईनला राखेचा वास येत होता. विझलेल्या चुलीत तोंड घातल्यासारखा.

तिने दुसरा पेला भरला, तिसरा भरला. टाकीच्या वरून घेतली, खालच्या नळातून घेतली. राख ती राखच. नऊ हजार लिटर, साऱ्या खोऱ्याची वर्षाची मेहनत, आणि तासाभरात मामा चव घ्यायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की उद्या सकाळपासून बाटल्या भरायच्या.

या खोऱ्यातली तांबडी वाईन तीन उतारांच्या द्राक्षांची. नदीकाठची रसाळ, मधल्या मातीतली मऊ, आणि वरच्या खडकाळ उतारावरची कडक. वाईनला कणा देतात ती वरचीच. यंदा तोडणीच्या तोंडावर वरच्या उताराशेजारचं रान पेटलं आणि दोन दिवस धूर बागेवर बसून राहिला. मामांनी बजावलं होतं, "वरच्या उताराची टाकी वेगळी ठेव. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही." धूर लबाड असतो. सालीत दडून बसतो, रसात सापडत नाही, आणि महिन्यांनी डोकं वर काढतो. हे भाचीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वरच्या उताराशिवाय मिश्रण पाणचट लागत होतं. नमुन्याच्या बाटलीत धुराचा मागमूस नव्हता. शिवाय हे तिचं स्वतःचं पहिलं मिश्रण. ते जमलं की तळघराच्या किल्ल्या तिच्या हाती यायच्या होत्या, आणि अकरा वर्षं ती त्या किल्ल्यांकडे डोळे लावून बसली होती. बाईसाहेबांनी शहाणपणा केला. महिन्यापूर्वी मामांना न विचारता पंप लावला, वरच्या उताराची टाकी मिश्रणात सोडली आणि मोकळी झाली. आता मिसळलेली वाईन वेगळी कोण काढणार?

मामांच्या नाकाचा साऱ्या खोऱ्याला धाक. बागवाला सकाळी बायकोशी भांडून आला तरी त्याच्या द्राक्षांवरून मामांना कळतं, असं लोक म्हणायचे. त्या नाकापुढे राख लपवायची म्हणजे आगीशी खेळ. खरं सांगून टाकावं असं तिच्या दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा तिने तो विचार झटकून टाकला. शेवटी तिने तोंड धुतलं, बेसिनवरच्या आरशात बघून हसायचा सराव केला. चोराच्या मनात चांदणं. चार वेळा हसून बघितलं तेव्हा कुठे एक हसू बरं जमलं.

मामा आले. खिडकीकडे पाठ करून नेहमीच्या खुर्चीत बसले. उजेड समोर बसणाऱ्याच्या तोंडावर पडायचा.

"आधी तू," ते म्हणाले.

ही त्यांची दोन वर्षांची पद्धत. आधी भाचीने वास घ्यायचा, मग त्यांनी. आपल्याला शिकवण्यासाठी असेल, असं ती धरून चालली होती. तिने पेला उचलला, हुंगला, आणि ते ठेवणीतलं हसू काढलं.

"छान उतरलीय, मामा."

मामांनी पेला हातात घेतला. नाकाशी नेला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"नाही," त्यांनी पेला खाली ठेवला. "बाटल्या भरायच्या नाहीत. उद्याचं काम थांबव."

संपलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून ती बोलत सुटली. वरची टाकी, पंप, किल्ल्यांचा मोह, तासाभराची भीती. "चुकलं माझं, मामा. तुम्ही सांगितलं होतं. वाटलं होतं, राखेचा वास तुम्हाला नाही येणार."

"राख आहे होय," मामा म्हणाले, आणि पेल्यात पहिल्यांदाच नीट डोकावून बघितलं.

तिला कळेना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मामांची नजर उघड्या दाराकडे गेली. तिच्याइतकंच कुणीतरी त्या खोलीत घाबरलेलं होतं.

त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"दोन वर्षांपूर्वी तो ताप आला होता ना, त्यात नाक गेलं माझं. परत आलंच नाही. कुणाला सांगायचा धीर झाला नाही."

"मग आत्ता नाही कसं म्हणालात?"

"वाईन चांगली असली की तू डोळे मिटतेस, पोरी. आज तू हसलीस."